वाळू, वारा आणि मास्कवरचा आळ

काशीदला गाडी थांबते ती सुरूच्या झाडांच्या मागे. तिथून पाण्यापर्यंत जायचे तर आधी कोरड्या, भुसभुशीत, पांढुरक्या वाळूचा एक पट्टा ओलांडावा लागतो. अंतर फार नसते, शंभर-सव्वाशे पावले. पण साठीच्या पुढच्या बहुतेकांना या पट्ट्याच्या मध्यावर थांबावेसे वाटते. पाऊल रुतते, टाच मागे घसरते, पोटऱ्या भरून येतात आणि श्वास वाढतो. सोबतची नातवंडे तोवर लाटांपाशी पोहोचलेली असतात. आपण कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहत असल्याचा बहाणा करतो. वाचकहो, या दोन मिनिटांच्या थांब्याविषयी मला आज आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे. कारण काशीदसारखी स्वच्छ हवा, मोकळा वारा आणि समुद्रसपाटीची उंची असताना लागणारा दम हा आपल्या शरीराविषयी पुष्कळ काही सांगणारा असतो, आणि गेल्या काही वर्षांत आपण त्याचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्याचा दोष एका चौकोनी कापडावर ढकलायला शिकलो आहोत.

ते कापड म्हणजे मास्क. ८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात ही सक्ती उठली. मधली दोन वर्षे आपण मास्कसह जगलो. त्या काळात दवाखान्यात सर्वांत अधिक ऐकू आलेले वाक्य होते, ‘डॉक्टर, मास्क लावून चालले की दम लागतो.’ सक्ती गेली, तरी ते वाक्य गेलेले नाही. सर्दी-तापाच्या साथीत, दिवाळीनंतरच्या धुरकट हवेत, रुग्णालयाच्या गर्दीत आजही वयस्कर मंडळी मास्क लावतात, आणि लावावा हेच उत्तम. पण त्याबरोबर ‘मास्क आहे म्हणून फिरायला जात नाही’ किंवा ‘दम लागतो तो मास्कमुळे’ ही दोन्ही विधानेही घराघरांत टिकून आहेत. ती कितपत खरी आहेत, हे समजून घ्यायला काशीदची पुळण चांगली जागा आहे.

तिथे पोहोचण्याविषयी आधी थोडे सांगतो. मुंबईहून येणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट ज्येष्ठांना सोयीची. गाडी बोटीत चढते आणि सुमारे तासाभरात आपण पलीकडे असतो. गेटवेहून लाँचही येतात, मात्र त्या पावसाळ्यात बंद असतात. मांडवा ते अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आणि अलिबागपासून मुरूडच्या वाटेने काशीद आणखी तीसेक किलोमीटर. चौल, रेवदंडा मागे पडले की कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल येतो, पलीकडे कोर्लई. पोर्तुगीज गेले त्याला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी कोर्लईच्या काही घरांत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते, हे ड्रायव्हरला सांगितले की तो हमखास गाडी हळू करतो. त्यानंतर रस्ता वळणावळणाने समुद्राच्या कडेने जातो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आसनावर बसावे आणि काच थोडी उघडी ठेवावी. काशीदच्या पूर्वेला फणसाडचे जंगल आहे. एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे हे शिकारीचे रान. १९८६ पासून ते अभयारण्य आहे आणि नशीब असेल तर तिथे शेकरूचे दर्शन होते. डोंगर, सुरू, वाळू आणि समुद्र अशी ही उतरंड आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील माड-पोफळीच्या वाड्या आणि सुरूची बने मोडली. त्या दिवसांत छपरावर कौले चढवणारी, पडलेले माड करवतीने कापणारी माणसे मी मास्क लावून काम करताना पाहिली आहेत. कष्टाच्या कामात मास्क गळ्याखाली उतरे, दम घेताना माणसे तो पूर्ण काढत आणि पुन्हा चढवत. मास्क आणि श्रम यांचा प्रश्न प्रयोगशाळेत जाण्याआधी असा वाड्यांतून सुटत होता.

प्रयोगशाळांनीही तो हाती घेतला. सन २०२० मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे बारा निरोगी पुरुषांना मास्कशिवाय, साध्या सर्जिकल मास्कसह आणि आपल्या एन-९५च्या जातीच्या घट्ट मास्कसह सायकल चालवायला लावली. तीही शरीर ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत. घट्ट मास्कने प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी घटली. त्याच वर्षी कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठात चौदा निरोगी स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला. तेथे कापडी वा सर्जिकल मास्कने दमून थांबण्याची वेळ बदलली नाही, रक्तातील व स्नायूंतील प्राणवायूही घटला नाही. अमेरिकेतील टेक्सास येथे एकतीस तरुणांना कापडी मास्क लावून पळवले, तर ते सुमारे चौदा टक्के लवकर थांबले. त्यांनी कोंडल्यासारखे वाटल्याचे सांगितले.

तीन ठिकाणी तीन उत्तरे, मग खरे कोणते मानायचे? माझ्या मते यांत वाटते तेवढा विरोध नाही. हे तिन्ही प्रयोग शक्तीच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेलेले आहेत. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. झपाट्याने चालताना ती वीस-तीस लिटर होते, आणि धावून दमलेल्या तरुणाच्या छातीतून मिनिटाला शंभर लिटरही हवा वाहते. मास्कचा अडथळा हवेच्या वेगाबरोबर वाढतो. अरुंद दरवाजातून एकेक माणूस सहज जातो, पण जत्रा सुटल्यावर तिथेच रेटारेटी होते, तसेच हे आहे. आपण काशीदला शर्यतीसाठी जात नाही. संध्याकाळच्या फेरफटक्याला लागणारी हवा साध्या मास्कमधून विनासायास जाते.

आणि ज्यांची काळजी आपल्याला सर्वांत अधिक असते त्यांच्याविषयीही एक छोटे पण मोलाचे निरीक्षण उपलब्ध आहे. कॅनडातच पासष्ट वर्षांवरील पंचवीस व्यक्तींच्या बोटाला यंत्र लावून मास्कपूर्वी, मास्क असताना आणि काढल्यावर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले गेले. त्यांचे सरासरी वय शहात्तरच्या पुढे होते. तिन्ही वेळा ते ९६ टक्क्यांच्या आसपासच राहिले. या व्यक्ती घरात नेहमीचे व्यवहार करीत होत्या आणि त्यांना हृदयाचे वा फुप्फुसाचे मोठे विकार नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरीही ‘मास्कने प्राणवायू कमी होतो’ ही समजूत निरोगी ज्येष्ठांपुरती तरी सोडून द्यायला हरकत नाही. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांचे रेणू मास्कच्या छिद्रांच्या तुलनेत इतके सूक्ष्म असतात की कापड त्यांना अडवूच शकत नाही. मास्कच्या आत उच्छ्वासाची थोडी हवा रेंगाळते खरी. निरोगी माणूस किंचित खोल श्वास घेऊन तिची भरपाई करतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तरीही गुदमरल्यासारखे वाटते, त्याचे काय? ते वाटणे खोटे नाही. आपला श्वास पुरेसा आहे की नाही, हे मेंदू केवळ रक्तावरून ठरवत नाही. चेहऱ्याच्या कातडीवरून, विशेषतः नाक आणि ओठांभोवतालच्या भागावरूनही ठरवतो. तिथल्या चेतातंतूंना गार वारा लागला की मेंदूला श्वास मोकळा वाटू लागतो. दम्याच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला धाप लागली असता चेहऱ्यावर हातपंख्याने वारा घातला तर आराम पडतो, तो याच कारणाने. आपल्या आजीबाईंना हे कोणी शिकवले नव्हते, पण त्या पंखा घेऊन उशाशी बसत. मास्क नेमका हाच वारा अडवतो. आत गरम, दमट हवा साचते, घाम येतो आणि प्राणवायू पुरेसा असतानाही मेंदू घाबरतो. ओला झालेला मास्क तोंडाला चिकटतो, त्याची छिद्रे पाण्याने भरतात आणि मग अडथळाही खरोखरच वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्येच जोरकस व्यायाम करताना मास्क लावू नये असे सुचवले होते, त्यामागे ही ओलीचीच अडचण मुख्यत्वे होती. मोकळ्या जागी, अंतर ठेवून व्यायाम करावा, हा त्यावरचा पर्याय होता.

आता काशीदच्या वाऱ्याकडे या नजरेने पाहावे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमीन निवाली की डोंगराकडून मतलई वारा समुद्राकडे जातो. दुपार कलल्यावर काशीदच्या पुळणीवर चेहरा पश्चिमेकडे करून उभे राहावे. छाती भरून आल्यासारखे वाटते, ते फुप्फुसात जादा प्राणवायू गेल्यामुळे नव्हे. समुद्रकाठच्या हवेतही प्राणवायू एकवीस टक्केच असतो, मुंबईच्या किंवा पुण्याच्या हवेत असतो तितकाच. फरक पडतो तो चेहऱ्यावरच्या वाऱ्याने आणि धुराच्या अभावाने. म्हणून काशीदच्या उघड्या किनाऱ्यावर, गर्दीपासून दूर चालताना मास्कची गरज नाही, हे निःशंकपणे सांगतो. तिथे तो खिशात असावा.

मग त्या शंभर पावलांत दम लावणारी गोष्ट कोणती? वाळू! कोरड्या वाळूवरून चालायला त्याच वेगाने कठीण जमिनीवरून चालण्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे दोन ते पावणेतीन पट ऊर्जा खर्ची पडते, असे बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवले. मास्कने होणारा चालण्याच्या श्रमातील फरक यापुढे नगण्य ठरतो. घरी ज्यांचे हृदय सोसायटीच्या फरशीवर वीस मिनिटे बिनतक्रार चालते, त्यांचे तेच हृदय कोरड्या वाळूवर पाच मिनिटांत दोन जिने चढल्यासारखे काम करू लागते. सुट्टीच्या उत्साहात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. घरातील जाणती माणसेही ‘चला आबा, एवढ्यात काय दमलात’ म्हणून ओढत नेतात.

इथे मला एका रुग्णाविषयी सांगितले पाहिजे. अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, ताठ, मितभाषी. दोन वर्षे ते घराबाहेर फारसे पडले नव्हते, आणि दवाखान्यातही आले नव्हते. जिन्यात थांबावे लागे, पण जिन्यात मास्क असे, तेव्हा दोष मास्कचा. बाजारातून येताना छातीत जड वाटे, तेव्हाही मास्क असे. मास्कची सक्ती गेल्यावर त्या मे महिन्यात मुलाने सगळ्यांना काशीदला नेले. तिथे मास्क नव्हता, वारा मुबलक होता, आणि सर या शंभर पावलांत तीनदा थांबले. शेवटी घोडेवाल्यांच्या बाकड्यावर बसले आणि त्यांना क्षणभर अंधारी आली. परतल्यावर सून त्यांना घेऊन आली. तिचे वाक्य मला अजून आठवते, ‘डॉक्टर, मास्क गेला, पण बाबांची धाप राहिली.’ स्टेथोस्कोप छातीवर ठेवताच हृदयाच्या ठोक्यांमधला खरखरीत आवाज ऐकू आला. टू-डी इको केला. हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य झडपेचे तोंड अतिशय अरुंद झालेले होते. वयोमानाने झडपेवर चुना साचून हे होते आणि कित्येक वर्षे गुपचूप वाढते. श्रम केल्यावर धाप, छातीत जडपणा आणि अंधारी ही तिची तीन चिन्हे. ती दिसू लागल्यावर फार थांबणे धोक्याचे असते. सरांची झडप बदलली गेली. आज ते रोज सकाळी मैदानाला तीन फेऱ्या घालतात आणि गर्दीत जाताना मास्कही लावतात.

ज्येष्ठ वाचकांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांना माझे म्हणणे एवढेच, की दम लागल्याचे खापर मास्कवर फोडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. मोकळ्या हवेत, सपाट आणि कठीण जागी, मास्क न लावता, आपल्या नेहमीच्या वेगाने दहा मिनिटे चालावे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर श्रम बेताचे आहेत. वाक्य मध्येच तुटत असेल, समवयस्क सोबती पुढे जात असेल आणि सहा महिन्यांपूर्वी असे होत नव्हते, तर कारण शोधलेच पाहिजे. ते रक्तातील हिमोग्लोबिन घटल्याचे असू शकते, थायरॉइडचे असू शकते, फुप्फुसाचे किंवा हृदयाचे असू शकते. नुसत्या बसून राहण्याचेही असू शकते आणि ते सर्वांत सुदैवी उत्तर. पण छातीत, जबड्यात वा डाव्या हातात दाटून येणे, अंधारी, पावलांवर सूज, रात्री उताणे झोपल्यावर धाप लागून उठावे लागणे यांपैकी काही असेल तर सहलीची तारीख पुढे ढकलावी आणि आधी तपासून घ्यावे. बोटाला लावायच्या यंत्रावरही सर्वस्वी विसंबू नये. वाऱ्याने बोटे गार पडली असतील तर ते चुकीचा आकडा दाखवते, आणि झडपेच्या विकारात आकडा उत्तम असूनही माणूस संकटात असू शकतो.

दीर्घकालीन दम्याच्या आणि धूम्रपानाने फुप्फुसे झिजलेल्या रुग्णांना मात्र वरील दिलासा जसाच्या तसा लागू नाही. कोरियात अशा सत्त्याण्णव रुग्णांना एन-९५ मास्क लावून दहा मिनिटे बसवले आणि मग सहा मिनिटे चालवले, तेव्हा सात जणांना तो सहन झाला नाही. बाकीच्या नव्वद जणांनी तो निभावला, हेही तितकेच खरे. ज्यांची धाप आधीच जास्त, त्यांनी एन-९५ऐवजी कोणता मास्क, किती वेळ, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काशीदला चालायचे कसे, हेही सांगतो. कोरड्या पट्ट्यात घाई करू नये. दोनदा थांबायचे असे आधीच ठरवून टाकावे, म्हणजे थांबण्याची लाज वाटत नाही. पलीकडची ओली, घट्ट वाळू जवळजवळ रस्त्यासारखी असते, चालायचे ते तिच्यावर. ही ओली वाळू ओहोटीला उघडी पडते, आणि ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. ऐन उन्हातली ही ओहोटी ज्येष्ठांच्या कामाची नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि ओहोटी पहाटे पाच व संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. शिवाय या दिवसांत पाणी अधिक मागे हटते. म्हणून शक्य असल्यास सहल पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे ठेवावी. पुळण साधारण तीन किलोमीटर लांब आहे. ती पुरी करण्याचा हट्ट नको. जितके जायचे तितकेच परत यायचे असते, हे दमल्यावर आठवून उपयोग नाही. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूचा गुडघा दुखतो. परतीत बाजू आपोआप बदलते, ते बरेच आहे.

मधुमेह्यांनी अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. पावलांची संवेदना बोथट झालेली असेल तर शिंपल्याचा काप किंवा दुपारच्या वाळूचा चटका घरी आल्यावरच कळतो. समुद्रात पावले भिजवण्यापलीकडे कोणीही जाऊ नये. इथली लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि पोहणाऱ्या तरुणांचेही या किनाऱ्यावर बळी गेले आहेत. सुरमईचे ताट आणि सोलकढी झाल्यावर किमान तास-दीड तास सावलीत बसावे, लगेच चालू नये. ज्यांना जिभेखालची गोळी दिलेली आहे त्यांनी ती गाडीत ठेवू नये, शर्टाच्या खिशात ठेवावी, आणि ती तिथे आहे हे सोबतच्या माणसाला ठाऊक असावे. ज्यांचे पाय साथ देत नाहीत त्यांच्यासाठी सुरूच्या सावलीतली खुर्ची आणि शहाळे हीसुद्धा सहलच आहे, फक्त चेहरा वाऱ्याकडे असावा. दमदार मंडळींना आणखी काही हवे असेल तर येताना कोर्लईच्या दीपगृहामागून गडावर जाणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या काशीदच्या वाळूच्या आदल्या दिवशी चढाव्यात, त्याच दिवशी नाही.

परतीच्या बोटीत वातानुकूलित दालन असते. रविवारी ते भरलेले असते, खिडक्या बंद असतात आणि कोणीतरी खोकत असतेच. खिशातला मास्क तिथे बाहेर काढावा, नाकावर नीट बसवावा आणि निवांत बसावे. बसलेल्या माणसाला त्याने दम लागत नाही. कोंडल्यासारखे वाटू लागले तर उठून वरच्या उघड्या डेकवर जावे आणि मास्क उतरवून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे. तिथे कठडा धरायला मात्र विसरू नये, कारण मुंबई बंदराजवळ बोट चांगलीच डुलते.